ऑफर टाकणाऱ्याकडून आधीच पैसे घ्यावेत का? (जुन्या जुकी शिलाई मशिनी विकतोय, सोलापूर)

शटल_बॉबिन
नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा. अक्कलकोट रोडला आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, चुलतभाऊ आणि मी बघतो. यंदा सर्व्हो मोटरच्या नवीन मशिनी आणल्या, लाईट बिल वाचतं म्हणून, तर जुन्या क्लच मोटरवाल्या जुकी, दोन ओव्हरलॉक (कापडाची कड शिवायच्या) आणि एक काजाची मशीन विकायला काढलीय. सगळं चालू आहे, टेबल स्टँड मोटरसकट. एका मोठ्या सेकंडहँड ॲपवर टाकलं आणि टेलरिंगवाल्यांच्या दोन ग्रुपवर पण टाकलं.

तर जुकीला १२,००० लावलेत. दिवसभर ऑफर येतात, पाच हजार, सहा हजार, एकानं तर अठराशे टाकली, ते सोडा. पण जे नीट बोलतात त्यांचाच जास्त त्रास आहे. लातूरकडच्या एकानं साडेदहाला फायनल केलं, दोन मशिनी म्हणाला, उद्या टेम्पो घेऊन येतो दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी शब्दावर बाकीच्या तिघांना नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही, संध्याकाळी बंद, मग ॲपवर मला ब्लॉकच. त्या तिघांना परत मेसेज केला तर दोघांनी दुसरीकडून घेतलेलं आणि तिसरा म्हणतो आता आठ हजार देतो, पडून आहे म्हणजे काहीतरी प्रॉब्लेम असणार. असं एकदा झालं असतं तर बोललो नसतो, हे सारखं चाललंय. आणि आमच्या धंद्यात टायमिंग असतं ना, जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांना जादा मशीन पाहिजे असते. मे संपला की कुत्रं विचारत नाही.

पुण्यातला मेव्हणा म्हणतो की बाहेरच्या देशात ऑफर टाकतानाच कार्ड जोडावं लागतं, विकणाऱ्यानं हो म्हटलं की पैसे कट, विषय संपला. मग आपल्याकडच्या ॲपवर हे का नाही? आणि ॲप करत नसेल तर मीच सरळ असं लिहू का की ऑफर टाकायच्या आधी १,००० रुपये फोनपे करा, सौदा झाला तर किमतीत धरू, नाही झाला तर परत देऊ? कुणी असं करतं का? लोक देतात का?

लास्ट_प्राईस_सांगा
मी कायम घेणाऱ्याच्या बाजूला असतो, फर्निचर, फ्रीज, मुलाची सायकल सगळं जुनंच घेतलंय, त्यामुळं स्पष्ट सांगतो. तुम्ही असं लिहिलंत तर मी जाहिरात पुढं ढकलणार. तुम्ही शंभर टक्के खरे असाल हो, पण मला कसं कळणार? ओळख नाही, मशीन डोळ्यांनी बघितली नाही आणि आधी हजार पाठवा. नेमकं हेच तर फ्रॉडवाले करतात. मिलिटरीत आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतोय, फक्त गेटपासचे आणि ट्रान्सपोर्टचे एवढे भरा. हजारावरून सुरू होतं आणि माणूस दिलेले पैसे वाचवायला अजून देत जातो.

उलट्या बाजूनं पण सांगून ठेवतो कारण तुम्ही विकणारे आहात आणि तुमच्याकडंही हे येणार. घेणारा म्हणेल टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआयवर बंद झाली, त्यानं एक रस्ता तरी बुजला, पण क्यूआरचा धंदा आणि 'पैसे पाठवले'चे खोटे स्क्रीनशॉट चालूच आहेत. बँकेचा मेसेज नको, खात्यातली शिल्लक उघडून बघा. काही झालंच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन, जितक्या लवकर कराल तितकं पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.

राहता राहिला तुमचा त्रास. खरा आहे. पण ऑफर म्हणजे काय हो? नवी पेठेत दुकानात शिरून 'शेवटचं किती' विचारतो तसंच ते आहे. विचारायचे पैसे कोण देतं.

अडकित्ता
मेव्हणे बरोबर बोलतात पण अर्धंच. मी ईबे या परदेशी ऑनलाईन बाजारावरून अमेरिकेत, थोडं इंग्लंडात माल पाठवतो, अडकित्ते, पितळी पानडबे, जुनी कुलपं (शंभर वर्षांवरचं काही नाही हां, पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, दरवेळी कुणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगतो). ऑफरचा खेळ तिथं रोजचाच आहे त्यामुळं आतून कसं चालतं ते लिहितो.

आधी तिथंही तुमच्यासारखंच होतं. ऑफर मान्य केली की वस्तू अडकली, घेणाऱ्याला पैसे भरायला चार दिवस, तोपर्यंत तुम्ही गप्प बसायचं. पाचव्या दिवसापासून ऑर्डर पैसे न भरल्याच्या कारणावरून रद्द करता येते आणि त्याच्या खात्यावर तशी नोंद होते, तुम्ही सेटिंगमध्ये अशा नोंदी असलेल्यांना आधीच अडवू शकता. पण चार दिवस गेले ते गेलेच. मग त्यांनी बऱ्याच ठिकाणी असं केलं की ऑफर टाकतानाच पत्ता आणि कार्ड द्यायचं, आणि विकणाऱ्यानं मान्य केलं की आपोआप पैसे कापले जाणार. पॉशमार्क म्हणून कपड्यांचं ॲप आहे तिथं तर पहिल्यापासून ऑफर बांधील असते, मान्य झाली की कार्डावरून पैसे गेले. (ते भारतातही आलं होतं २०२१ ला, २०२३ ला गाशा गुंडाळला.) उलट युरोपातलं व्हिंटेड बघा, तिथं ऑफर मान्य झाली तरी घेणाऱ्यानं पैसे भरेपर्यंत वस्तू खुलीच राहते, तिसरा कुणीही येऊन घेऊ शकतो. म्हणजे बाहेर सगळीकडं एकच पद्धत आहे असं काही नाही.

आता फायदा झाला का? फुकटे गायब झाले हे खरं. पण ऑफरी पण कमी झाल्या आणि मला जास्त खटकलं ते वेगळंच. माझा एक गिऱ्हाईक एकदम चार-पाच वस्तू घ्यायचा, सगळ्यांवर ऑफर टाकायचा, मान्य झाल्या की मी एकच पार्सल करून पोस्टेज कमी करून द्यायचो. परदेशी पार्सलला पोस्टेज वस्तूपेक्षा जास्त होतं कधीकधी. आता प्रत्येक ऑफर मान्य होताच त्या त्या वस्तूचे पैसे आणि पूर्ण पोस्टेज लगेच कापलं जातं, मग मी नंतर जादाचं परत करत बसायचं. तो माणूस वैतागून कमी झाला. दुसरं म्हणजे ज्याला एकच अडकित्ता हवाय तो आधी पाच जणांना ऑफर टाकायचा, ज्याचा भाव पटेल त्याचा घ्यायचा. आता पाचही जणांनी हो म्हटलं तर पाच अडकित्ते गळ्यात, त्यामुळं तो एकालाच टाकतो, आणि ते एक म्हणजे मी असेनच असं नाही.

पण मुद्दा हा की तिथं कार्डाचे पैसे माझ्या हातात डायरेक्ट येत नाहीत. मधे कंपनी आहे. वस्तू पोचली नाही, भलतीच निघाली तर ती घेणाऱ्याला परत देते, कधीकधी माझ्या जिवावर देते, पण देते. म्हणून अनोळखी माणूस कार्ड नंबर टाकायला तयार होतो. तुमच्या फोनपेवर हजार टाकले तर मधे कोण आहे?

आयपीओवाला
वरच्यांचा शेवटचा प्रश्न पकडून लिहितो. बँकिंगमध्ये होतो, आता रिटायर.

आपल्याकडं मधे कुणीच नसतं असं नाही. जुन्या लोकांना बाझी डॉट कॉम आठवत असेल, २००४ मध्ये ईबेनं ते घेतलं आणि ईबे इंडिया झालं. तिथं पैसापे होतं, घेणाऱ्याचे पैसे ते मधे धरून ठेवायचे आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याला सोडायचे. ऑगस्ट २०१८ ला ईबे इंडियाच बंद झालं. आत्ताची जी भेटून देवाणघेवाण करायची ॲप आहेत त्यांचा पाया वेगळाय, ते तुम्हाला फक्त गाठ घालून देतात, मशीन बघायला तो तुमच्याकडं येणार आणि पैसे तुमचे तुम्ही. एकदा पैशाला हात लावला की रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रीगेटरचे (मधे राहून लोकांचे पैसे गोळा करणाऱ्यांचे) नियम लागतात, एस्क्रो खातं म्हणजे पैसे मधे धरून ठेवायचं वेगळं खातं, परवानगी, तक्रार आली तर परतावा. फुकटच्या जाहिरातींवर चालणारं ॲप एवढं कशाला करेल.

दुसरं, अमेरिकेतलं 'मान्य केलं की कट' आपल्याकडं जसंच्या तसं बसत नाही. आपल्याकडं कार्डानं ऑनलाईन पैसे देताना ओटीपी लागतो, त्याशिवाय आपोआप कापायचे तर आधी मॅन्डेट (खात्यातून कापायची आगाऊ परवानगी) पाहिजे, आणि त्यालाही साधारण १५,००० ची मर्यादा आहे, त्यावर परत ओटीपी. म्हणजे समजा रात्री अकराला तुम्ही ऑफर मान्य केली, तो झोपलाय, ओटीपी कोण टाकणार? (ओटीपीमुळं आपल्याकडं किती फसवणूक टळली हे तिकडच्या लोकांना कळायला हवं, पण तो वेगळा विषय.)

तरी एक पद्धत आपल्याकडं आहे आणि ती तिकडच्यापेक्षा चांगली आहे असं माझं मत. शेअरच्या आयपीओला अर्ज करता ना, तेव्हा पैसे कंपनीला जात नाहीत. तुमच्याच खात्यात ब्लॉक होतात, शेअर लागले तर कापले जातात, नाही लागले तर ब्लॉक निघतो. ब्लॉक असताना बचत खात्याचं व्याजही चालू राहतं. सेबीनं ही पद्धत २००८ ला आणली. त्याआधी चेक जायचा आणि रिफंडची वाट बघत बसायचं, मी काउंटरवर असताना त्या रिफंड वॉरंटवरून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. २०१९ पासून हे यूपीआयवरून पण होतं. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये यूपीआय २.० आलं त्यात एकदाच वापरायचं मॅन्डेट आलं, म्हणजे आज पिन टाकून रक्कम अडकवायची आणि पुढं ठरलेल्या मुदतीत कापली जायची.

ऑफरला नेमकं हेच पाहिजे. साडेदहा हजाराची ऑफर टाकली की साडेदहा किंवा त्यातले दोन हजार त्याच्याच खात्यात ब्लॉक. तुम्ही नाही म्हणालात की लगेच सुटले. हो म्हणालात आणि तो आला नाही तर ठरलेली रक्कम तुमची. तुम्ही मशीन दिली नाही तर त्याची. पैसे हलत नाहीत म्हणून घेणाऱ्याला भीती नाही, आणि अडकलेत म्हणून तो अठराशेची ऑफर गंमत म्हणून टाकत नाही. पण हे ॲपनंच करायला पाहिजे, तुम्ही आम्ही घरबसल्या नाही करू शकत, कारण तो आला की नाही हे ठरवणारा तिसरा माणूस लागतो. तिथंच घोडं अडतं. तो म्हणणार मी आलो होतो पण मशीन फोटोत होती तशी नव्हती, तुम्ही म्हणणार आलाच नाही. दहा हजाराच्या मशिनीसाठी एमआयडीसीत पंच कोण पाठवणार?

लास्ट_प्राईस_सांगा
ब्लॉकवालं मला चालेल. पैसे माझ्याच खात्यात राहणार असतील तर मी आज ऑफर टाकतो. फोनपे नाही.

इसारपावती
कायद्याचं थोडं टाकतो. वकील नाही, पण दस्त लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं एवढं ठाम सांगू शकतो.

ऑफर टाकणारा ती कधीपर्यंत मागं घेऊ शकतो? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५ प्रमाणं समोरच्यानं स्वीकार कळवेपर्यंत. लिलावातही तेच, १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे की हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा मागं फिरू शकतो. म्हणजे ज्यांनी पाच हजार, सहा हजार टाकले आणि तुम्ही काही बोलला नाहीत ते उद्या गायब झाले तर त्यांनी काही चूक केली नाही, वरचे गृहस्थ म्हणतात तसंच आहे. पण त्या लातूरवाल्यानं साडेदहाला फायनल म्हटलं, तुम्ही ठीक आहे म्हटलं, चॅटवर आहे, तर तो करार झाला. चॅटवरचा करारसुद्धा करारच. आता साडेदहा हजारासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो ही गोष्ट निराळी, स्टॅम्प आणि चहापाण्यातच पैसे जातील.

म्हणून तर आपल्यात इसार आहे. जागेचा सौदा, बैलाचा सौदा, लग्नाचं कार्यालय, इसार दिला की शब्द पक्का. इसार आणि अ‍ॅडव्हान्स यात फरक आहे आणि तुमच्या पोस्टमध्ये तोच गोंधळ होतोय. इसार म्हणजे सौदा पाळीन याची हमी, घेणारा फिरला तर तो जप्त करता येतो. नुसता अ‍ॅडव्हान्स म्हणजे किमतीतला आधी दिलेला भाग, सौदा मोडला म्हणून तो सगळा गिळता येत नाही. आणि जप्तीलाही मर्यादा आहे, करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच धरतं, साडेदहा हजाराच्या मशिनीवर पाच हजार इसार घेऊन सगळा ठेवला तर टिकायचं नाही. हजार ठीक आहे.

आणि क्रम बघा. इसार नेहमी भाव ठरल्यावर देतात. तुम्ही मागताय भाव ठरायच्या आधी, ऑफर टाकायलाच. जगात कुठलाही बैलवाला रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे पैसे मागत नाही. सांगोल्याच्या बाजारात जाऊन बघा पाहिजे तर.

तेव्हा माझ्या मते घासाघीस फुकट चालू द्या, भाव ठरला की मग 'मशीन तुमच्या नावानं अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत ठेवतो, इसार १,०००, तुम्ही आला नाही तर परत नाही, मी दिली नाही तर दुप्पट देईन' असं चॅटवर लिहा आणि त्याच्याकडून 'मान्य' लिहून घ्या. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. फक्त त्यानंच गमावायचं असेल तर तो का देईल? तुम्हीही काहीतरी पणाला लावलं की विश्वास बसतो.

शटल_बॉबिन
भरपूर कळालं, धन्यवाद सगळ्यांना. दुप्पटचं आवडलं मला, चुलतभाऊ मात्र म्हणतो उद्या एखाद्यानं आपल्याला मुद्दाम अडकवलं तर? पण आम्ही मशीन दुसऱ्याला दिलीच नाही तर कसा अडकवेल, तो उगाच घाबरतो.

एक शंका आहे. लांबचा माणूस, समजा विजापूर किंवा कलबुर्गीचा, तो इसार द्यायला तयार आहे पण म्हणतो मशीन बघून पटली नाही तर इसार परत पाहिजे. हे तर बरोबरच आहे ना त्याचं. मग पटली नाही हे कारण सांगून सगळेच सुटणार, इसाराला अर्थ काय राहिला?

ओव्हरलॉक_मेकॅनिक
काय बे शेठ, इतकं सगळे कायदे अन बँका सांगालेत आणि मशीनबद्दल कुणी बोलेना. मी पूर्व भागात मशिनी रिपेर करतो, जुन्या घेतो विकतो पण. तुमच्या शंकेचं उत्तर मशिनीतच हाय.

लोक येऊन का फिरतात माहितीय का? फोटोत चकचकीत दिसती, इथं येऊन चालवली की आवाज करती. मग तो म्हणतो पटली नाही. त्याचं खोटं नसतं ओ. तुम्ही फोटो टाकलेत, व्हिडीओ टाका. पण टाकायचा कसा, तर फोन एका जागी ठेवायचा, कट न करता, कापड खाली घालून फुल स्पीडला सरळ टाका मारायचा, मग कापड उलटं करून खालची शिलाई दाखवायची, कारण बॉबिन केसचं सगळं लफडं खालीच दिसतं. मग सुई खाली असताना हँडव्हील हातानं हलवून दाखवा, ढिलं असलं तर कळतं. तेलाची प्लेट उघडून दाखवा, पंप तेल उडवतोय का ते वरच्या काचेत दिसलं पाहिजे. मोटरची पट्टी, टेबलाचा फुगलेला सनमाईका, जे खराब हाय ते पहिलं दाखवा. ओव्हरलॉकला लूपर (धाग्याचा फास घालणारा भाग) जवळून दाखवा. एवढं दाखवल्यावर जो म्हणतो घेतो त्याला विचारा, व्हिडीओप्रमाणं निघाली तर घेणार ना? तसं लिहून घ्या. मग पटली नाहीला जागा राहत नाही, व्हिडीओप्रमाणं हाय की नाही एवढाच प्रश्न राहतो. नसली तर हजार गुपचूप परत द्यायचे.

आणि एक, इसार न देणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. त्याला सांगायचं मशीन चालू हाय, बघायला या, आधी येईल त्याची. होल्डच करायचं नाही. इसार हा होल्डचा भाव हाय, ऑफरचा नाही. जवळचा माणूस, होटगी रोडचा, कुंभारीचा, तो असाबी तासाभरात येऊन रोख टाकून जातो, त्याला कशाला इसार? लांबच्यालाच टेम्पोचं भाडं पडतं आणि आल्यावर मशीन गेलेली असंल ही भीती असती, म्हणून तो स्वतःच विचारतो टोकन पाठवू का. माझ्याकडं तर तेलंगणाकडचे लोक आपणहून पाठवतात कारण दोनशे किलोमीटर येऊन रिकामं जायचं नसतं त्यांना.

अडकित्ता
हे ज्यानं लिहिलंय त्यानं ईबेवर नोकरी करायला पाहिजे. तिथं पण हाच फरक आहे बघा, ऑफर टाकायला पैसे मागितले की लोक कमी होतात, पण वस्तू माझ्यासाठी बाजूला ठेवा म्हणणाऱ्याला पैसे मागितले की कुणाला राग येत नाही.

आयपीओवाला
सहमत. फक्त इसार घेताना त्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव विचारा आणि यूपीआयवर आलेल्या नावाशी जुळवून बघा. तिसऱ्याच्याच खात्यावरून पैसे आले आणि नंतर तो म्हणाला चुकून जास्त गेले, थोडे परत पाठवा, तर अजिबात पाठवू नका. दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे असे फिरवतात आणि मग तुमचं खातं गोठतं. परत करायचेच असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा, बँकेमार्फत जाऊ दे.

शटल_बॉबिन
हे माहितीच नव्हतं. ठीक, आज संध्याकाळी कारखाना सुटला की व्हिडीओ काढतो. जाहिरातीत असं लिहितो: ऑफर खुशाल टाका, भाव फोनवर ठरवू, बघायला कधीही या सकाळी १० ते ६, मशीन ठेवून हवी असेल तरच इसार १,०००, दोन दिवस ठेवू, आम्ही शब्द फिरवला तर दुप्पट. आणि ॲपवर ८,००० च्या खालच्या ऑफरला उत्तरच देणार नाही, चुलतभावानं फोनच काढून घेतलाय माझ्याकडनं, म्हणतो तू सगळ्यांशी गप्पा मारत बसतोस.

ओव्हरलॉक_मेकॅनिक
बरंय. काजाच्या मशिनीचा व्हिडीओ काढायच्या आधी चाकूची धार बघून घ्या, जुन्या मशिनीत काज पूर्ण कापतच नाही, एक धागा राहतो आणि घेणारा तिथंच दोन हजार तोडतो. चाकू बदलायला काय फार लागत नाही, अशोक चौकाकडं पार्टवाल्याकडं मिळून जाईल. ती मशीन वेगळीच टाका, जुकीच्या जाहिरातीत घुसवू नका, काजवाला गिऱ्हाईक वेगळा असतो आणि तो फार घासाघीस करत नाही.

लास्ट_प्राईस_सांगा
माझ्या बायकोला घरगुती कामाला एक जुकी बघतोय खरं तर. व्हिडीओ टाकला की लिंक द्या. इसार देणार नाही, रविवारी येऊन बघतो, तोपर्यंत गेली तर गेली.

शटल_बॉबिन
रविवारी युनिट बंद असतं, शनिवारी या.